सम्राट अलेक्सियस आणि पहिलं क्रूसेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रूसेड, म्हणजे मध्ययुगातली ख्रिस्ती धर्मयुद्धं, म्हटलं की आपल्याकडे जेरुसलेम, सलाउद्दीन आणि रिचर्ड एवढंच आठवतं. पण पहिल्या क्रूसेडची (१०९६ ते १०९९) सगळ्यात चमत्कारिक गोष्ट जेरुसलेमच्या खूप अलीकडे, कॉन्स्टँटिनोपलच्या तटाबाहेर घडली. मदत मागणारा आणि मदतीला आलेले, दोघेही ख्रिस्ती. तरीही दोघांचे हात तलवारीच्या मुठीवरच होते. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

हा अलेक्सियस नेमका कोण?

अलेक्सियस कोम्नेनॉस, बायझंटाईन सम्राट. राज्यकाळ १०८१ ते १११८. गादी त्याने बंड करून मिळवली, आणि हाती आलं ते जवळजवळ बुडीत खातं. दहा वर्षांपूर्वी, १०७१ मध्ये, मांझिकर्टच्या लढाईत सम्राट रोमानोस सेल्जुक तुर्कांच्या हाती जिवंत सापडला होता. त्यानंतर आपसातल्या यादवीत अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा बहुतेक भाग, साम्राज्याच्या हातून गेला. ज्या वर्षी तुर्कांनी सम्राट पकडला त्याच वर्षी इटलीत नॉर्मनांनी (उत्तर फ्रान्समधून आलेले लढवय्ये) बारी हे शेवटचं बायझंटाईन ठाणं घेतलं. उत्तरेकडून पेचेनेग टोळ्या येत होत्या. नाणं इतकं खोटं झालं होतं की त्यात सोनं शोधावं लागे.

पहिल्या दहा वर्षांत अलेक्सियसने काय नाही केलं? सैन्याला पैसे हवेत म्हणून चर्चमधलं सोन्याचांदीचं सामान वितळवलं आणि त्यावरून धर्मगुरूंच्या शिव्या खाल्ल्या. आरमार हवं म्हणून व्हेनिसला व्यापारी सवलतींची खिरापत वाटली. १०९१ मध्ये पेचेनेगांचा लेवुनियनला निकाल लावला, १०९२ मध्ये भरपूर सोनं असलेलं नवं नाणं पाडलं. माणूस लढाया बऱ्याच हरला, पण हरल्यावर टिकून कसं राहायचं हे त्याच्याइतकं फार थोड्या राजांना जमलं.

राजधानी कॉन्स्टँटिनोपल, भाषा ग्रीक, मग हे स्वतःला रोमन का म्हणवत?

कारण ते रोमन साम्राज्याचाच पूर्वेकडचा, न पडलेला भाग होते. 'बायझंटाईन' हे नाव त्यांच्या पश्चात युरोपीय विद्वानांनी दिलेलं. तुर्क आणि अरब त्यांच्या मुलखाला 'रूम' म्हणत. आपल्या बखरींतल्या 'रूमशाम'मधला रूम तोच. अहमदनगरला १५४९ मध्ये मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ ओतणारा मुहम्मद बिन हुसेन 'रूमी' म्हणवत असे. तोवर तिथे ऑटोमन आले होते, नाव मात्र रोमचंच राहिलं होतं.

क्रूसेडरांना अलेक्सियसनेच बोलावलं ना?

हो आणि नाही. मार्च १०९५ मध्ये इटलीतल्या पिआचेंझाला पोप अर्बन दुसरा याची धर्मसभा भरली होती. तिथे अलेक्सियसचे वकील गेले आणि तुर्कांविरुद्ध मदत मागितली, हे खरं. पण त्याच्या डोक्यात काय होतं ते आधीच्या एका व्यवहारावरून कळतं. फ्लँडर्सचा काउंट रॉबर्ट यात्रेहून परतताना त्याला भेटला होता आणि त्याने पाचशे घोडेस्वार पाठवायचं कबूल केलं होतं. ते पाचशे खरंच आले आणि सम्राटाच्या हुकमाखाली कामाला लागले. अलेक्सियसला हे असं हवं होतं: मोजके, कसलेले, पगारी, सांगितलेलं ऐकणारे.

पोपचं गणित वेगळं होतं. नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँटला त्याने जे आवाहन केलं त्यात पापमुक्ती होती, तीर्थयात्रा होती आणि जेरुसलेमचं नाव होतं. जेरुसलेम साम्राज्याच्या हातून जाऊन साडेचारशेहून अधिक वर्षं लोटली होती. अलेक्सियसला हवं होतं ते तुर्कांच्या हातात गेलेलं निकाया शहर (आजचं इझनिक), राजधानीपासून चार-पाच मजलांवरचं. पाचशे स्वार मागितले आणि अर्धा युरोप दारात येऊन उभा राहिला. 'भीक नको पण कुत्रं आवर' ही म्हण ग्रीकमध्ये आहे की नाही कोण जाणे, पण १०९६ च्या उन्हाळ्यात राजवाड्यात तिची गरज नक्की पडली असणार.

पहिले आले ते कोण होते?

पीटर द हर्मिट नावाच्या प्रवचनकाराच्या मागे निघालेले गरीब लोक, बायकापोरांसकट. सोबत थोडे सरदारही होते. १ ऑगस्ट १०९६ ला ते पोचले आणि आठवड्याच्या आतच अलेक्सियसने त्यांना बोस्फरसपलीकडे नेऊन सोडलं. घाई का, ते एका लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय, वृत्तांतकारानेच लिहून ठेवलंय. तो स्वतः क्रूसेडर होता, बायझंटाईनांचा हाडवैरी. तरीही तो कबूल करतो की आपल्या या मंडळींनी वाडे जाळले, चर्चच्या छपरांवरचं शिसं उचकटलं आणि ते त्याच शहरातल्या ग्रीकांना विकलं.

मोठं सैन्य येईपर्यंत थांबा, असं सम्राटाने पीटरला सांगितलं होतं. ते थांबले नाहीत. ऑक्टोबरमध्ये तुर्कांनी सिव्हेतोतजवळ त्यांची कत्तल केली. पीटर तेव्हा मदत मागायला कॉन्स्टँटिनोपलला गेला होता म्हणून वाचला. उरलेसुरले बायझंटाईन जहाजांनी उचलून आणले.

मग सरदारांच्या फौजा आल्या तेव्हा त्याने काय केलं?

मला अलेक्सियस सगळ्यात आवडतो तो इथे. त्याच्याकडे इतक्या फौजांना अडवण्याएवढं बळ नव्हतं आणि अडवणं परवडणारंही नव्हतं. त्याने साधे तीन नियम पाळले. एक, वाटेवर बाजार उभे करा, म्हणजे लुटायचं कारण राहणार नाही, आणि बाजूने आपल्या नोकरीतले पेचेनेग स्वार चालवा, म्हणजे लुटायची हिंमत राहणार नाही. दोन, प्रत्येक नेत्याला वेगळा गाठा, शपथ घ्या, नजराणा द्या. तीन, पुढची फौज यायच्या आत आधीची पलीकडच्या काठावर उतरवा. दोन फौजा एकाच वेळी तटाखाली नकोत.

नियम बहुतेक वेळा चालले. गॉडफ्रीच्या बाबतीत गाडं अडलं.

गॉडफ्रीशी खरंच लढाई झाली?

झाली, तीही ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात. गॉडफ्री ऑफ बुइयाँ २३ डिसेंबर १०९६ ला आला आणि शपथ घ्यायला तयार होईना. तो जर्मन सम्राटाचा मांडलिक, दुसऱ्या सम्राटापुढे हात कसे जोडणार? शिवाय मागून येणाऱ्यांची वाट पाहायची होती. अलेक्सियसने बाजार बंद केला. गॉडफ्रीच्या भावाने, बाल्डविनने, उपनगरं लुटली. बाजार पुन्हा उघडला. तीन महिने हे असं चाललं.

एप्रिल १०९७ मध्ये, गुरुवारी, फ्रँक, म्हणजे पश्चिमेकडून आलेले हे क्रूसेडर, तटापर्यंत येऊन भिडले. शहरात घबराट उडाली. त्याचं कारण सम्राटाची मुलगी अ‍ॅना सांगते, आणि ते वाचताना अलेक्सियसच्या चेहऱ्याची कल्पना करून पाहावी. सोळा वर्षांपूर्वी याच पवित्र गुरुवारी शहर पडलं होतं, लुटलं गेलं होतं, आणि लुटणारी फौज अलेक्सियसची स्वतःची होती. त्या लुटीबद्दल त्याने नंतर चाळीस दिवस प्रायश्चित्त घेतलं होतं. आता लोकांना वाटलं, देवाने हिशेब चुकता करायला दुसरी फौज पाठवली.

अलेक्सियसने चिलखत चढवलं नाही, भाला घेतला नाही, सिंहासनावर सगळ्यांना दिसेल असा बसून राहिला. तटावरच्या तिरंदाजांना हुकूम होता की बाण घोड्यांवर सोडा, माणसांवर नको. दिवस पवित्र होता हे एक, आणि याच माणसांकडून पुढे काम करून घ्यायचं होतं हे दुसरं. लौकरच गॉडफ्रीने शपथ घेतली, सोनं घेतलं आणि पलीकडे गेला.

बोहेमंडचं एवढं काय?

दुधाने तोंड पोळलं होतं. बोहेमंड हाही क्रूसेडच्या सरदारांपैकी एक. त्याचा बाप, नॉर्मन रॉबर्ट गिस्कार्ड, १०८१ मध्ये साम्राज्य गिळायला निघाला होता. डिऱ्हाकियमला (आजचं अल्बानियातलं डुर्रेस) त्याने अलेक्सियसचा दारुण पराभव केला. त्या मोहिमेत बोहेमंड होता, पुढे बाप इटलीत परतल्यावर लढाया चालवणारा तोच. १०८५ मध्ये गिस्कार्ड मेला म्हणून साम्राज्य वाचलं. आता बारा वर्षांनी हाच माणूस खांद्यावर क्रॉस शिवून 'मित्र म्हणून आलोय' म्हणत होता.

पहिल्या भेटीनंतरचा प्रसंग अ‍ॅनाने रंगवून सांगितलाय. बोहेमंडचा मुक्काम तटाबाहेर कोस्मिडियनला होता. तिथे त्याच्यासाठी पानं मांडली होती, शिजवलेले नाना प्रकार. शेजारी कच्चं मांसही ठेवलेलं, पशूंचं आणि पक्ष्यांचं. आचारी म्हणाले, आमच्या रिवाजाने रांधलंय. आवडलं नाही तर हे कच्चं घ्या आणि तुमच्या लोकांकडून करवून घ्या. असंच म्हणायला सम्राटाने त्यांना सांगून ठेवलं होतं. पाहुण्याच्या मनात विषाचा संशय येणार हे यजमानाने आधीच धरलं होतं.

बोहेमंडने शिजवलेल्याला बोटही लावलं नाही. 'तुमचा मान' म्हणत ते सगळं बरोबरच्या लोकांना वाटून टाकलं आणि स्वतःसाठी कच्चं मांस आपल्या आचाऱ्यांकडून शिजवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ज्यांनी खाल्लं होतं त्यांना विचारलं, तब्येत कशी आहे? उत्तम, काहीच झालं नाही. तेव्हा त्याने उघडपणे सांगून टाकलं की मला विषाची शंका होती. आपल्या माणसांवर प्रयोग केल्याची लाज कुठेच नाही. अ‍ॅनाला इथे संताप येतो, पण खरं सांगायचं तर यजमान आणि पाहुणा एकमेकांना किती नेमकं ओळखत होते हेच यातून दिसतं.

मग राजवाड्यातली एक खोली सोनं, नाणी, रेशीम यांनी इतकी भरली की पाय ठेवायला जागा नाही, आणि तिचं दार बोहेमंडसमोर अचानक उघडलं. तो म्हणाला, माझ्याकडे एवढं असतं तर मी कधीच कितीतरी मुलखांचा धनी झालो असतो. हे सगळं तुमचंच, असं उत्तर मिळालं. आधी घेतलं, मग परत केलं, मग पुन्हा घेतलं. पूर्वेकडच्या सगळ्या सैन्याचं सेनापतिपद मात्र मागूनही मिळालं नाही. अलेक्सियस नाही म्हणाला नाही. 'बघू, योग्य वेळ येऊ द्या' म्हणाला.

शपथेत नक्की काय होतं? सगळ्यांनी घेतली का?

मुद्दा एकच: पूर्वी साम्राज्याची असलेली जी शहरं तुर्कांकडून जिंकाल ती सम्राटाच्या अधिकाऱ्याच्या हवाली करायची. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीने त्याला धनी मानायचं. बदल्यात तो रसद, वाटाडे, पैसा आणि सैन्य देणार. त्यांच्याकडे अशी शपथ पवित्र अवशेषांवर हात ठेवून होत असे. आपल्याकडच्या बेलभंडाराचं जे वजन, तेच तिचं.

बोहेमंडने का-कू न करता घेतली, यातच काय ते आलं. तुलूझचा म्हातारा रेमंड अडून बसला: मी देवासाठी आलोय, दुसरा धनी करणार नाही. शेवटी सम्राटाच्या जिवाला आणि अब्रूला धक्का लावणार नाही, एवढंच त्याने कबूल केलं. गंमत अशी की पुढे सगळ्यांत जास्त शब्द पाळला तो यानेच. बोहेमंडचा भाचा टँक्रेड शपथ चुकवायला गुपचूप खाडीपार झाला. निकाया पडल्यावर त्याला पकडून घ्यायला लावली.

एक सरदार सम्राटाच्या सिंहासनावर जाऊन बसला, हे खरं?

अ‍ॅना तसं सांगते. शपथविधीच्या वेळी एक फ्रँक सरळ जाऊन सिंहासनावर बसला. अलेक्सियस गप्प राहिला. बाल्डविनने त्या माणसाला हाताला धरून उठवलं, तेव्हा तो पुटपुटला. सम्राटाने नंतर दुभाष्याकडून अर्थ विचारून घेतला: एवढे वीर उभे असताना हा गावंढळ एकटा बसलाय! पुढे त्या माणसाने फुशारकी मारली की आमच्याकडे एका चौरस्त्यावर जुनं देऊळ आहे, द्वंद्वाची खुमखुमी असलेला तिथे थांबतो. मी कितीतरी वेळ थांबलो, कोणी आलंच नाही. अलेक्सियस म्हणाला, तेव्हा लढाई मिळाली नसेल तर आता पोटभर मिळेल. फक्त फौजेच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे राहू नका, मध्ये राहा. तुर्कांची लढायची रीत मला माहीत आहे.

हे फ्रँक सरदार वेळीअवेळी येत आणि तासन्‌तास बोलत. अलेक्सियस दिवस मावळून रात्र झाली तरी त्यांच्यापुढे तिष्ठत असे, दरबारी आळीपाळीने विश्रांती घेत. त्याच्या पायांचं दुखणं या बैठकांनी वाढलं, असं मुलीचं मत.

निकायाला त्याने क्रूसेडरांना फसवलं का?

पाश्चात्त्य वृत्तांतांचा पहिला मोठा आरोप हाच. १४ मे १०९७ पासून वेढा. सुलतान किलिज अर्स्लानची सोडवायला आलेली फौज क्रूसेडरांनी परतवली. पण शहराची एक बाजू अस्कानिया तळ्याला लागून होती आणि तिथून रसद येतच होती. तेव्हा अलेक्सियसने होड्या जमिनीवरून ओढत आणवून तळ्यात सोडल्या. त्या पाहून आतल्यांचा धीर सुटला. सम्राटाचा माणूस बुतुमितिस याने गुपचूप बोलणी केली. १९ जूनला क्रूसेडर शेवटच्या हल्ल्याला निघाले, तर तटावर सम्राटाची निशाणं फडकत होती. त्यांना शहर बघायला आत सोडलं ते दहा-दहाच्या गटाने.

माझं मत: यात फसवणूक कसली? शपथेप्रमाणे शहर त्याचंच होतं. जेमतेम सोळा वर्षांपूर्वी हातून गेलेलं, आतली बहुतेक रयत ग्रीक ख्रिस्ती. आपलंच शहर लुटू द्यायचं का? चुकलं ते एवढंच की त्याने आधी सांगितलं नाही. ज्यांनी पाच आठवडे माणसं गमावली त्यांना सकाळी झेंडा पाहून कळलं. त्याने भरपाई म्हणून सरदारांना सोनं आणि गरिबांना तांब्याची नाणी वाटली. काउंट स्टीफन ऑफ ब्लॉइस इतका खूश झाला की त्याने बायकोला पत्र लिहिलं: तुझ्या वडिलांनी पुष्कळ देणग्या दिल्या, पण या माणसापुढे ते काहीच नव्हते. बायको आडेला, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमची मुलगी. सासऱ्याबद्दल असं पत्र लिहायला धाडस लागतं. या स्टीफनला लक्षात ठेवा.

फिलोमेलियनला काय झालं?

सगळं बिघडलं ते इथे. क्रूसेडर अँटिऑकला (आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या) ऑक्टोबर १०९७ पासून वेढा घालून बसले होते, उपाशी मरत होते. सोबत दिलेला बायझंटाईन सेनानी तातिकियोस (त्याचं नाक कापलेलं होतं, त्या जागी धातूचं बसवलेलं) फेब्रुवारीत निघून गेला. बोहेमंडनेच त्याला 'तुझ्या जिवावर उठलेत' म्हणून घाबरवलं, असं अ‍ॅना म्हणते. तो भित्रा होता, असं लॅटिन म्हणतात. जूनच्या सुरुवातीला बोहेमंडने आतल्या एका पहारेकऱ्याला फितवून शहर घेतलं. लगेच मोसुलचा तुर्की सरदार कर्बोगा याची प्रचंड फौज आली आणि वेढा घालणारेच वेढ्यात सापडले. शहर पडायच्या आदल्या दिवशी आपला स्टीफन तळ सोडून पळाला होता.

अलेक्सियस तेव्हा खरोखर सैन्य घेऊन अँटिऑककडे निघाला होता. फिलोमेलियनला (आजचं आकशेहिर) स्टीफन त्याला भेटला आणि म्हणाला, सगळे संपले, एव्हाना मेले असतील. दुसरी एक तुर्की फौज चालून येत असल्याची बातमीही होती. बोहेमंडचा सावत्र भाऊ गाय सम्राटाच्या नोकरीत होता. तो रडला, ओरडला. अलेक्सियस मागे फिरला. वाटेतली ख्रिस्ती वस्ती बरोबर घेतली आणि तुर्कांना काही मिळू नये म्हणून मुलूख उजाड करत गेला.

हातात होती ती बातमी धरली तर निर्णय बरोबर होता. मेलेल्यांना वाचवायला कोणी राजधानी पणाला लावत नाही. पण ते मेलेले नव्हते. २८ जूनला त्यांनी बाहेर पडून कर्बोगाला हरवलं, आणि सम्राट अर्ध्या वाटेवरून परतला हे त्यांना कळलं. बोहेमंडला हवा होता तो मुद्दा आयता मिळाला: करार त्यानेच मोडला, आता अँटिऑक माझं. रेमंड विरोध करत राहिला. पुढच्या वसंतात अलेक्सियसने निरोप पाठवला की २४ जूनपर्यंत थांबा, मी सैन्यासह येतो. कोणी थांबलं नाही. १५ जुलै १०९९ ला त्यांनी त्याच्याविना जेरुसलेम घेतलं.

मग अलेक्सियसला या सगळ्यातून मिळालं काय?

पुष्कळ. क्रूसेडर पुढे सरकत असताना मागे त्याच्या मेव्हण्याने, जॉन डुकासने, स्मिर्ना, इफेसस, सार्डिस परत घेतलं. पश्चिम अनातोलियाची सुपीक किनारपट्टी साम्राज्यात आली. अँटिऑक गेलं, बाकी व्यवहार फायद्याचाच.

अ‍ॅनाच्या लिखाणावर किती भरवसा ठेवायचा?

क्रूसेडर आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. 'अलेक्सियाद' तिने लिहिलं ते सुमारे चाळीस-पन्नास वर्षांनी, बापाच्या गौरवासाठी. बाप पश्चिमेकडे मदत मागायला गेला होता ही गोष्ट ती साफ गाळते. तिच्या लेखी फ्रँक आपोआपच उगवले. पण बोहेमंडचं वर्णन करताना लेखणी तिला आवरत नाही: सगळ्यांपेक्षा हातभर उंच, रुंद खांदे, केस कानापर्यंत कापलेले, डोळे निळे, हसण्यातही दहशत. शत्रूकडे इतकं निरखून पाहणारा साक्षीदार मला भरवशाचा वाटतो, मताच्या बाबतीत नसला तरी नजरेच्या बाबतीत.

'फिरंगी' शब्दाचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. पूर्वेकडे या सगळ्यांना सरसकट फ्रँक म्हणत. अरबीत इफ्रंज, फारसीत फरंगी, आणि तिथून मराठीत फिरंगी, आधी पोर्तुगीजांसाठी. त्यांच्या लांब सरळ पात्याच्या तलवारीला आपण फिरंग म्हणालो.

बोहेमंड आणि अलेक्सियस यांचा शेवटी निकाल लागला का?

लागला, पण कागदावर. मध्ये बोहेमंड तीन वर्षं तुर्कांच्या कैदेत होता. सुटल्यावर तो युरोपात गेला. अ‍ॅना म्हणते, बायझंटाईन जहाजं चुकवायला शवपेटीत झोपून, आणि मढ्याचा वास यावा म्हणून सोबत मेलेला कोंबडा घेऊन. खरं असो नसो, राजवाड्यात त्याच्याबद्दल काय बोललं जाई ते यातून कळतं. पोपचा आशीर्वाद घेऊन ११०७ मध्ये तो पुन्हा डिऱ्हाकियमवर चालून आला, बापाच्याच जागी. या वेळी अलेक्सियस मैदानात उतरलाच नाही. खिंडी आणि समुद्र रोखून धरले आणि भुकेला काम करू दिलं.

सप्टेंबर ११०८ मध्ये देवोलचा तह झाला. बोहेमंड सम्राटाचा मांडलिक. अँटिऑक त्याच्याकडे फक्त हयातीपुरतं. तिथला धर्माध्यक्ष ग्रीक. वर्षाला दोनशे पौंड सोनं मिळणार, तेही आधीच्या मायकेल सम्राटाच्या वेळच्या नाण्यांत. एवढं नाण्यांचं नावसुद्धा तहात घालून घेतलं. प्रत्येक कलम शपथेवर, साक्षीदारांसह.

बोहेमंड इटलीत परतला आणि ११११ मध्ये तिथेच वारला. अँटिऑकला तेव्हा टँक्रेड बसला होता. अलेक्सियसचे वकील तहाचा कागद घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने शहर द्यायला साफ नकार दिला.